कळवून अनुपस्थित

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी माझी मावशी उभी राहून एक वाक्य बोलायची. "ह्यांना आज यायला जमणार नाही, तसं कळवलंय." मग खाली बसून तेच वाक्य ती समोरच्या वहीत उतरवायची, कारण पदभ्रमण मंडळाची चिटणीसही तीच होती.

मंडळ म्हणजे शिंपीदादांच्या दुकानामागची खोली, एक लोखंडी कपाट, बारा खुर्च्या आणि भिंतीवर आसपासच्या टेकड्यांचा हाताने काढलेला नकाशा. महिन्यातून एक सभा आणि दोनदा लांबवर पायी जाऊन येणं. आमच्या भागातला पोस्टमन त्यांना तोंडावर 'चालू मंडळी' म्हणायचा. शिंपीदादा मंडळाचे अध्यक्ष. ते त्याला दरवर्षी सभासद व्हायचा आग्रह करायचे आणि तो दरवर्षी तेच उत्तर द्यायचा, "आठवडाभर चालून पुन्हा रविवारी हौस म्हणून चालू? बायको घरात घेणार नाही मला."

मंडळ काढलं मावशीच्या यजमानांनी. मी त्यांना काका म्हणते, पण मी त्यांना कधी पाहिलेलं नाही. जमीनमोजणीच्या खात्यात होते. मोजमापाचा माणूस, त्यामुळे फिरायला जाणाऱ्या वीस-पंचवीस जणांसाठीही त्यांनी चौदा नियम लिहून काढले होते. सातवा असा: सलग तीन सभांना न कळवता अनुपस्थित राहणाऱ्याचं सभासदत्व आपोआप संपेल. सभेच्या इतिवृत्तात त्यांनी तीन रकाने आखले होते. उपस्थित, कळवून अनुपस्थित, न कळवता अनुपस्थित.

"अरे, माणसं फिरायला येतात की शाळेत?" शिंपीदादांनी तेव्हा विचारलं होतं.

"शाळेत न आलेल्याला मास्तर बोलावणं पाठवतात. इथं तेवढंही करणार नाही," काका म्हणाले होते.

मंडळाला चौथं वर्ष लागलं तेव्हा काका समुद्रापलीकडे मोजणीच्या कामावर गेले. करार दोन वर्षांचा. महिन्याला एक पत्र यायचं, आणि प्रत्येक पत्राच्या शेवटी एक ओळ: 'या महिन्याच्या सभेस येता येणार नाही, मंडळास कळवावे.' मावशी तेवढीच ओळ कात्रीने कापायची आणि वहीच्या त्या पानाला टाचणीने लावायची. कळवल्याचा पुरावा हवा ना.

"नवऱ्याच्या पत्राला कात्री लावणारी बाई पहिल्यांदा पाहिली," शिंपीदादा म्हणाले होते. "आणि शिंपी म्हणे मी."

अशा अठरा चिठ्ठ्या आल्या. मग पत्रं थांबली. कंपनीला लिहिलं, तर उत्तर आलं की ते काम सोडून गेले आहेत, पुढचा पत्ता ठेवलेला नाही. दोन वर्षांनी तिकडून परतलेला ओळखीचा एकजण मुद्दाम घरी आला. एका बंदराच्या गावात काका त्याला बाजारात दिसले होते. तब्येत छान होती, म्हणाला. मावशीने एवढंच विचारलं, "एकटे होते?" त्याने पाण्याचा पेला उचलला आणि बराच वेळ पाणी प्यायला.

त्यानंतरच्या पहिल्या रविवारी मावशी सभेला गेली. अध्यक्षांनी नावं पुकारायला सुरुवात केली. काकांचं नाव आलं तशी ती नेहमीसारखीच उभी राहिली आणि म्हणाली, "ह्यांना आज यायला जमणार नाही, तसं कळवलंय."

त्यावर कोणी मान वर केली नाही. पुढेही कधी नाही. एकदाच एका नव्या सभासदाने, दातांचा डॉक्टर होता तो, हात वर केला. "एक शंका आहे. हे गृहस्थ कळवतात कसं? मला तर कळलंय की त्यांचा पत्ताच…"

"मंडळाला कळवलं गेलं पाहिजे," शिंपीदादा म्हणाले. "कोणी कळवायचं ते नियमात लिहिलेलं नाही. तुम्ही नियम वाचलेत का?"

डॉक्टरांनी वाचले नव्हते. वाचल्यावर ते मंडळात अकरा वर्षं राहिले आणि पुन्हा कधी शंका विचारली नाही.

मी शिकायला मावशीकडे राहायला गेले तोपर्यंत मंडळात पाचच माणसं उरली होती. मावशी, शिंपीदादा, एक निवृत्त परिचारिका आणि सायकलच्या दुकानाचे दोघे भाऊ. आणि वहीत सहावे, काका. गुडघे सगळ्यांचेच गेले होते. "नकाशावरची टेकडी आता नकाशावरच बरी," परिचारिकाबाई म्हणाल्या, आणि मंडळ बंद करायचा ठराव झाला. त्याच सुमाराला सार्वजनिक ग्रंथालयाने एक नवा विभाग काढला होता. जुने पोहण्याचे क्लब, बुद्धिबळाचे क्लब, हौशी नाटकवाले, अशा स्थानिक मंडळांची दप्तरं कोणी भंगारात टाकू नयेत म्हणून तिथे जपून ठेवायची. त्यांचा माणूस स्वतः येऊन एकोणतीस वर्षांच्या वह्या घेऊन गेला. चाळिशीतला, बारीक आवाजात बोलणारा. कागदाला लावलेली प्रत्येक टाचणी तो चिमट्याने काढून एका बशीत ठेवत असे, कारण गंजलेली टाचणी कागद खाते. शिंपीदादांनी लगेच त्याचं नाव ठेवलं टाचणी.

"मी जन्मभर लावल्या, हा बसून काढतोय," ते म्हणाले. पण मनातून ते फार खूश होते. त्यांचं वय तेव्हा चौऱ्याऐंशी. त्यांची एकच इच्छा होती आणि ती ते भेटेल त्याला सांगत. "आपण मेल्यावर कोणी वाचलं तर आपल्याला काय कळणार? माझ्या देखत कुणीतरी अनोळखी माणसाने आमच्या वह्या मागून घेतल्या पाहिजेत. मी समोरच्या टेबलावर पेपर तोंडापुढे धरून बसेन. बघेन कुठे हसतो, कुठे जांभई देतो."

मग एका दुपारी पत्र आलं. ग्रंथालयाचा पाठवलेला लिफाफा, वर काकांचं नाव, पत्ता आमचा. मावशी दारात उभी राहून ते नाव पाहत राहिली.

"ह्यांना पत्र आलंय," ती मला म्हणाली. पाहुणे आल्याचं सांगावं तशी.

ते तिने कपाटावरच्या घड्याळाला टेकवून ठेवलं. दोन दिवस ते तिथेच होतं. जाता-येता ती त्याच्याकडे बघायची नाही, पण त्याच्या आसपासची धूळ मात्र पुसायची. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "तू उघड."

"तूच उघड ना, मावशी. काय असणार आहे त्यात?"

"मी दुसऱ्यांची पत्रं उघडत नाही."

मी उघडलं आणि मोठ्याने वाचलं. टाचणीने फार अदबीने लिहिलं होतं. छाननी करताना त्याच्या लक्षात आलं होतं की काका सव्वीस वर्षांत तीनशे सात सभांना येऊ शकले नाहीत, पण एकदाही न कळवता राहिले नाहीत. 'आमच्याकडे आलेल्या कोणत्याही मंडळात असा दुसरा सभासद नाही. मात्र आपल्या चिठ्ठ्यांपैकी पहिल्या अठराच मिळाल्या. उरलेल्या दोनशे एकोणनव्वद गहाळ झालेल्या दिसतात. आपल्याकडे त्यांच्या प्रती असल्यास कृपया द्याव्यात.' शिवाय विद्यमान सभासद म्हणून सोबतच्या संमतिपत्रावर सही हवी होती.

"चिठ्ठ्यांचं पुन्हा वाच."

मी वाचलं.

"दोनशे एकोणनव्वद," मावशी म्हणाली. "मी कधी मोजल्या नव्हत्या."

दुसऱ्या दिवशी आम्ही ग्रंथालयात गेलो. तो विभाग तळमजल्यावर, पायऱ्या उतरून. खिडक्या उंचावर आणि लहान, म्हणजे ऊन कागदावर येऊ नये. लांब टेबल, मऊ ब्रश, टाचण्यांची बशी, टोक केलेल्या शिसपेन्सिलींचा पेला. आमच्या वह्यांच्या करड्या पेट्या झाल्या होत्या आणि पेट्यांवर आकडे पडले होते.

टाचणी उठून उभा राहिला. "काकू, सापडल्या का चिठ्ठ्या?"

"त्या नाहीतच."

"फाटल्या?"

"लिहिल्याच नाहीत कधी."

"अच्छा, म्हणजे फोनवर कळवायचे."

"नाही हो," मावशी म्हणाली. तिने पर्स एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "ते नाही कळवायचे. मी कळवायची."

त्याच्या हातातला ब्रश थांबला. पुढचं त्याला सांगावं लागलं नाही. तो चाचरत म्हणाला, "मग वहीत जे लिहिलंय ते…"

"वहीत बरोबरच लिहिलंय. मी सभेत सांगितलं आणि सांगितलं ते लिहिलं. सभेत झालेलं लिहायचं, एवढंच इतिवृत्ताचं काम."

"ते बरोबर आहे," तो म्हणाला. माणूस सरळ होता.

मग त्याने अडचण सांगितली. मंडळ बंद होताना जे सभासद होते त्या सगळ्यांची सही असेल तरच पेट्या वाचकांसाठी उघडता येतात. पाच जणांच्या सह्या आल्या होत्या. सहावी नसेल तर पेट्या तीस वर्षं बंद. तो नियम वरून आलेला होता, त्याच्या हातात नव्हता. त्याने सभासदांची यादी पुढे केली. प्रत्येक नावापुढे दोन रकाने, 'पासून' आणि 'पर्यंत'. काकांच्या नावापुढचा दुसरा रकाना कोरा होता.

"इथे तारीख पडली की ते विद्यमान राहत नाहीत, मग सही लागत नाही. ते गेले ते वर्ष टाका ना, काकू. कोणी तपासायला येत नाही."

"कोणी तपासत नाही म्हणून खोटं लिहायचं? तुम्ही दप्तर सांभाळता ना?"

टाचणीचे कान लाल झाले.

पायऱ्या चढताना मी म्हणाले, "तीस वर्षांनी शिंपीदादा एकशे चौदा वर्षांचे असतील."

"असतीलसुद्धा. हट्टी आहेत," मावशी म्हणाली. पण वरच्या पायरीवर ती कठड्याला धरून थांबली, आणि ते काही गुडघ्यामुळे नव्हतं.

शिंपीदादा इस्त्री करत होते. मावशीने सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी इस्त्री उभी करून ठेवली.

"सोडा हो. नाही वाचलं कोणी तर नाही वाचलं. काय एवढं मोठं लिहून ठेवलंय आपण? अमुक टेकडीवर गेलो, तमक्याचा बूट फाटला."

"दादा, मनापासून बोला."

"मनापासून सांगू?" ते स्टुलावर बसले. "बाई, तुमच्या नवऱ्याला मी काढणार नाही. सव्वीस वर्षं नाव पुकारलंय त्याचं. तो आपण होऊन निघाला तर गोष्ट वेगळी."

"म्हणजे?"

"नियम सात. त्याचाच आहे."

"पण मंडळ तर बंद झालं."

"कुठं झालं? बंद करायचा ठराव केला. त्या सभेचं इतिवृत्त पुढच्या सभेत वाचून कायम करायचं असतं, ते राहिलंय. कायम होत नाही तोवर मंडळ चालू. तीन सभा घेऊ. वाचन पुढे पुढे ढकलू. त्याने कळवलं तर कळवलं." ते थांबले आणि मावशीकडे बघून म्हणाले, "त्याने, बाई. तुम्ही नाही."

मावशी दुकानाच्या पायरीवर बराच वेळ बसली. रस्त्यावरून माणसं जात होती, ती त्यांच्या चालण्याकडे बघत होती. मग म्हणाली, "सूचना काढावी लागेल. सूचनेशिवाय सभा होत नाही."

तिने सहा सूचना काढल्या. पाच तर हातातच दिल्या. सहावीवर काकांचं नाव घातलं आणि खाली त्या बंदराच्या गावाचं नाव, बाकी काही नाही. आत तारीख, वेळ, स्थळ, विषय. बाकी मजकूर टाईप केलेला होता. तळाची ओळ मात्र तिने स्वतःच्या हाताने लिहिली. 'कृपया उपस्थित राहावे, ही विनंती.' अशी ओळ प्रत्येक सूचनेत असते. ती लिहायला तिला किती वेळ लागला ते मी शेजारच्या खोलीतून ऐकत होते. पेन खाली ठेवल्याचा आवाज येत नव्हता.

वह्या ग्रंथालयाबाहेर नेता येत नव्हत्या, म्हणून सभा टाचणीच्या लांब टेबलाभोवती भरली. तिथे शाईला बंदी. मावशीच्या हातात शिसपेन्सिल दिली तेव्हा शिंपीदादांनी हरकत घेतली. "शिसपेन्सिलीचं इतिवृत्त? उद्या कोणी खोडलं म्हणजे?"

"इथे खोडरबरही चालत नाही," टाचणी म्हणाला.

नावं पुकारली गेली. काकांचं नाव आलं तशी मावशी सवयीने अर्धी उठली. परिचारिकाबाईंनी तिच्या दंडावर हात ठेवला. ती बसली. शिंपीदादा थांबले, जरा जास्तच थांबले, मग पुढे गेले. लिहिताना मात्र तिच्या हाताने घात केला. सव्वीस वर्षांचं वळण, 'कळवून' असं लिहून मोकळी झाली. खोडरबर नाही. तिने त्यावर एक रेघ मारली आणि पुढे 'न कळवता' लिहिलं.

महिन्याभराने ती सूचना परत आली, वर अपुऱ्या पत्त्याचा शिक्का. मावशीने तो लिफाफा ड्रॉवरमध्ये ठेवला आणि त्याच अपुऱ्या पत्त्यावर दुसरी पाठवली. ती परत आली नाही. याचा अर्थ चांगला घ्यायचा की वाईट, ते तिने ठरवलं नाही. पण पोस्टमनच्या वेळेला ती खिडकीपाशी काहीतरी काम काढायची. एकदा तर तिने त्याच त्या दोन खुर्च्या लागोपाठ तीन दिवस पुसल्या.

दुसऱ्या सभेला परिचारिकाबाईंचा गुडघा सुजला होता. पाच जण नसले तर सभाच नाही. सायकलवाल्या भावांनी त्यांना खुर्चीसकट उचलून तळमजल्यावर उतरवलं. "एवढी वर्षं मी माणसं स्ट्रेचरवर घातली," बाई वरून ओरडत होत्या, "आता सावकाश रे मेल्यांनो, शेवटचा पेशंट पाडाल!" हसत हसतच सभा सुरू झाली, आणि त्या नावापाशी येऊन हसू ओसरलं. न कळवता. मावशीने या वेळी चूक केली नाही.

तिसऱ्या सभेच्या आधीच्या आठवड्यात भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "आजवर मी त्यांना कधी बोलावलंच नव्हतं गं. नुसतं सांभाळून घेत होते."

त्या रविवारी तिने इस्त्रीची साडी नेसली. टेबलाभोवती सगळे वेळेआधी येऊन बसले होते. टाचणी हातातलं काम ठेवून माझ्याशेजारी भिंतीला टेकून उभा होता. शिंपीदादांनी एकेक नाव घेतलं, एकेक 'हजर' आलं. मग त्यांनी काकांचं नाव घेतलं. त्यांनी पुन्हा एकदा घेतलं, मागच्या रांगेतल्या माणसाला ऐकू जावं असं, जरी तिथे मागची रांग नव्हती.

मावशी उभी राहिली.

शिंपीदादांनी डोळे मिटून घेतले. आता ती तेच वाक्य बोलणार, असं मलाही वाटलं, आणि बोलावं असंही वाटलं. ती टेबलाच्या कडेवर बोटं टेकून उभी होती. वाट बघायची तेवढी बघून झाल्यावर ती म्हणाली, "काही कळवलेलं नाही."

मग खाली बसून तिने ते लिहिलं.

मागच्या सभांची इतिवृत्तं वाचून कायम झाली. मंडळ बंद झालं. टाचणीने सभासदांची यादी पुढे सरकवली, आणि 'पर्यंत'च्या रकान्यात मावशीने त्या दिवसाची तारीख घातली.

"गेले ते वर्ष नाही?" टाचणीने हळूच विचारलं.

"नाही. आजपर्यंत होते."

पेट्या उघड्या झाल्या. शिंपीदादा दोन आठवडे रोज सकाळी पेपर घेऊन वाचकांच्या खोलीत बसले. कोणीही पदभ्रमण मंडळ मागितलं नाही. तिसऱ्या आठवड्यात मावशी मला घेऊन गेली, खिडकीवर मागणीची चिठ्ठी भरली आणि पहिली पेटी मागितली.

"हे चालणार नाही," पेपरामागून आवाज आला. "तुम्ही अनोळखी नाही."

"गप बसा, दादा. वाचायची खोली आहे ही."

पहिल्या पेटीत मंडळाची पहिली तीन वर्षं आहेत. त्या पानांवर अक्षर काकांचं. ओळी मोजपट्टीने आखल्यासारख्या, टेकड्यांच्या उंचीसकट नोंदी, आणि प्रत्येक सभेच्या पहिल्या रकान्यात सगळ्यात वर त्यांचं स्वतःचं नाव. उपस्थित. मावशी पान उलटण्याआधी तळहाताने ते सारखं करते. मध्येच एखादी ओळ मला दाखवते, कुणाच्या बुटाची, कुणाच्या रुसव्याची. शिंपीदादा पेपर खाली करून विचारतात, "हसलात का आत्ता? कुठे हसलात?"

आता दर आठवड्याला जाते ती. परवा टाचणीने विचारलं, "काकू, दुसरी पेटी काढून ठेवू का?"

"अजून पहिली झाली नाही," मावशी म्हणाली.

पहिल्या पेटीत तीनच वह्या आहेत.